घामाची ओळख

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



खाडीकाठच्या गावांमधून मी तीसेक वर्षे शाळामास्तरकी केली. निवृत्त होऊनही आता बराच काळ लोटला. तरी रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावात मला अजून ‘सर’ म्हणूनच हाक मारतात, आणि मुलांविषयीच्या तक्रारी अजून माझ्याच पडवीत येतात. अशीच एक आई एके दिवशी आली. तीही कधीकाळी माझीच विद्यार्थिनी. नवरा कुवेतला. घरात सासू, ती आणि तेरा वर्षांचा मुलगा.

‘‘सर, पोरगा जेवलेलं ताटसुद्धा उचलत नाही,’’ ती म्हणाली. ‘‘झाडांना पाणी घाल म्हटलं की ऐकूच आलं नाही असं दाखवतो. तुम्ही त्याला दीनातलं काहीतरी सांगा. मेहनतीवरची एखादी हदीस सांगा. तुमचं ऐकेल तो.’’

हदीस म्हणजे प्रेषित मुहम्मद (स.) यांची वचने आणि त्यांच्या वागण्याच्या आठवणी. त्यांच्या सोबत्यांनी त्या सांगितल्या आणि पुढे विद्वानांनी पारखून ग्रंथांत नोंदवल्या. श्रमाविषयी त्यांत पुष्कळ आहे, आणि मला त्यातले बरेचसे पाठ आहे. तरीही त्या माउलीला मी लगेच ‘हो’ म्हटले नाही. कारण माझ्याच घरातले होते. ते सांगणारच आहे. त्याआधी, इस्लाम श्रमाकडे कसा पाहतो ते थोडक्यात सांगतो.

‘सहीह बुखारी’ हा हदीसचा सर्वांत विश्वासार्ह मानला गेलेला संग्रह. त्यात प्रेषितांचे एक वचन आहे. त्याचा आशय असा, की स्वतःच्या हाताने कमावलेल्या घासाहून चांगला घास कोणी कधी खाल्लेला नाही. आणि अल्लाहचे प्रेषित दाऊदसुद्धा आपल्या हातच्या कमाईवर जगत. हे दाऊद साधे गृहस्थ नव्हेत, ते राजे होते. कुरआनात त्यांच्याविषयी सांगितले आहे, की अल्लाहने त्यांच्यासाठी लोखंड मऊ केले आणि ते त्याची चिलखते बनवत. हजरत जकरिया सुतार होते. हजरत नूह यांनी जहाज बांधायला घेतले, तेव्हा येणारे-जाणारे त्यांची चेष्टा करत. त्यांनी हात थांबवला नाही. हजरत मूसा यांनी परक्या मुलखात आठ-दहा वर्षांच्या कराराने चाकरी केली. आणि स्वतः मुहम्मद (स.) तरुणपणी मक्केतल्या लोकांची शेळ्यामेंढ्यांची खिल्लारे मजुरीवर राखत असत. हे ते पुढे अभिमानाने सांगत, आणि गुरे राखली नाहीत असा एकही प्रेषित झाला नाही, असेही म्हणत.

आणखी एक वचन तर आमच्या मोहल्ल्यातल्या मक्तबमध्ये, म्हणजे सकाळच्या धर्मशाळेत, लहान मुलांनाही शिकवतात. दोरी घेऊन रानात जावे, लाकडाची मोळी पाठीवर आणून विकावी. हे लोकांपुढे हात पसरण्यापेक्षा चांगले, मग लोक देवोत की न देवोत.

शुक्रवारची नमाज आमच्याकडे सर्वांत महत्त्वाची. पण कुरआनातल्या ‘जुमुआ’ नावाच्या अध्यायात सांगितले आहे, की नमाज आटोपली की पृथ्वीवर पांगा आणि अल्लाहने दिलेली रोजी शोधा. मशिदीतून निघायचे ते थेट कामाकडे. प्रार्थना आणि पोटापाण्याचा उद्योग यांच्यामध्ये इस्लामने भिंत घातलेली नाही.

श्रोतेहो, हे सगळे मी मुलांना सांगत आलो. वर्गात सांगितले, घरीही सांगितले. आता घरची गोष्ट.

माझा थोरला मुलगा बारा वर्षांचा होता. सहामाहीत त्याला गणितात कमी गुण पडले. आमच्या वाडीचा गडगा त्या पावसात ढासळला होता. मी त्याला शिक्षा दिली. शाळेतून आला की खाली घरंगळलेले जांभ्याचे दगड उचलायचे आणि वर आणून रचायचे. चार दिवस तो दगड वाहत होता. मी पडवीत खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत होतो. तो थांबला, की मी बसल्या जागेवरून त्याला हजरत दाऊद यांची हदीस ऐकवत होतो. पाचव्या दिवशी त्याच्या बोटावर दगड पडला. नख काळे पडले, तेव्हा कुठे माझ्या आईने ते काम बंद करवले. माझ्याशी ती दोन दिवस बोलली नाही.

मुलगा शिकला, चांगल्या नोकरीला लागला. आळशी तो मुळीच नाही. पण बऱ्याच वर्षांनी, त्याचा मुलगा शाळेत जायला लागल्यावर, तो एकदा मला म्हणाला, ‘‘अब्बा, तुम्ही सांगत होता ते खोटं नव्हतं. पण ती हदीस कानावर पडली की मला अजून तो गडगाच आठवतो.’’

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही नव्हतेच. श्रमाची गोडी लागावी म्हणून मी धर्माचा आधार घेतला आणि मुलाच्या मनात दोन्हींविषयी कडवटपणा ठेवला. त्यानंतर मी माझे जुने ग्रंथ पुन्हा काढले. या वेळी श्रमाविषयी काय सांगितले आहे, हे पाहिले नाही. ते सांगणारे स्वतः त्या वेळी कुठे उभे होते, हे पाहिले.

सुरुवात काबागृहापासून करतो. हजरत इब्राहीम आणि त्यांचे पुत्र हजरत इस्माईल यांनी काबागृहाच्या भिंती उभारल्या, ही कथा आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. बुखारींच्या संग्रहात ती सविस्तर आहे. इब्राहीम दूरवरून मुलाला भेटायला आले, तेव्हा इस्माईल जमजमच्या झऱ्याजवळ एका झाडाखाली बाण तासत बसले होते. वडील म्हणाले, अल्लाहने मला एक काम सांगितले आहे. मुलगा म्हणाला, मग ते करा. त्यावर वडिलांनी विचारले, तू मला मदत करशील का? मुलगा म्हणाला, करीन.

इब्राहीम यांच्या अधिकाराचा पिता मुलाला हुकूम देऊ शकला असता. त्यांनी विचारले. आणि नंतर मुलाला दगड उचलायला लावून स्वतः सावलीत बसले नाहीत. इस्माईल दगड आणून देत होते, इब्राहीम रचत होते. भिंत उंच झाली तेव्हा मुलाने वडिलांना उभे राहायला एक दगड आणून दिला. दोघे मिळून, आमचे हे काम स्वीकार, अशी प्रार्थना करत राहिले. दगडच वाहायचे होते, श्रोतेहो. माझ्या मुलानेही दगडच वाहिले होते. फरक होता तो बापाच्या जागेत.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या चरित्रात तर हे पानोपानी दिसते. इसवी सन ६२२ मध्ये ते मदिनेला आले आणि मशीद बांधायला घेतली, तेव्हा त्यांनी स्वतः विटा वाहिल्या. ६२७ मध्ये मदिनेवर मोठी चाल होऊन आली. सलमान फारसी यांच्या सल्ल्याने शहराभोवती खंदक खणायचे ठरले. थंडीचे दिवस, पोटात अन्न नाही. खुद्द प्रेषित माती वाहत होते, इतकी की पोटावर धुळीचे थर बसले होते. खणणारे सूर धरून गात होते आणि प्रेषितही त्यांच्या सुरात सूर मिसळत होते. हे वाचताना मला आमची लावणीची शेते आठवली. पावसात कंबर मोडेपर्यंत वाकून भात लावणाऱ्या बायका गात असत, आणि त्यांच्या गाण्यासाठी आम्ही पोरे रोपांच्या जुड्या पोचवायला धावत असू. ते काम आहे असे आम्हाला कोणी सांगितलेच नव्हते. मोठी माणसे जिथे आहेत, हसताहेत, गाताहेत, तिथे मुलाला असावेसे वाटते. कामाच्या आनंदाचा उगम बहुतेक वेळा तिथे असतो.

अबू दाऊद यांच्या संग्रहातली एक छोटी आठवण मला फार आवडते. एक मुलगा बकरी सोलत होता. त्याला ते नीट जमत नव्हते. प्रेषित वाटेने जात होते. ते थांबले. म्हणाले, जरा बाजूला हो, तुला दाखवतो. मग कातडे आणि मांस यांच्यामध्ये त्यांनी हात घातला, तो पार काखेपर्यंत, आणि कातडे कसे सुटे करायचे ते दाखवले. मग ते नमाजला गेले. एवढीच गोष्ट. ‘तुला एवढेही येत नाही का’ हे वाक्य तिच्यात कुठेच नाही. आपली मुले कामाला नको म्हणतात, त्यातली कितीतरी केवळ न जमण्याच्या भीतीने म्हणतात. नारळ सोलायला सांगतो, पण सुळ्यावर तो कसा धरायचा हे दाखवत नाही. मग तो निसटला की हसतो. पुढच्या वेळी पोरगा नारळाकडे फिरकत नाही.

आणि काम सांगितल्यावर मूल विसरले तर? यालाही उत्तर आहे. हजरत अनस हे दहा वर्षांचे असताना त्यांच्या आईने त्यांना प्रेषितांच्या सेवेत ठेवले. दहा वर्षे ते तिथे होते. पुढे ते सांगत, की एवढ्या काळात प्रेषितांनी मला कधी ‘उफ्’ म्हटले नाही. हे का केलेस किंवा हे का केले नाहीस, असे विचारले नाही. एकदा प्रेषितांनी त्यांना कामासाठी पाठवले. वाटेत मुले खेळत होती, अनस तिथेच रेंगाळले. थोड्या वेळाने मागून कोणीतरी मान धरली. वळून पाहतात तो प्रेषित, आणि तेही हसताहेत. त्यांनी लाडाने नाव घेऊन एवढेच विचारले, सांगितले होते तिथे गेलास का? अनस म्हणाले, हा निघालोच.

मान धरली होती, हे लक्षात घ्या. काम माफ झाले नाही. पण चेहऱ्यावर हसू होते. वर्गातल्या तीस वर्षांत मला या दोन गोष्टी एकत्र फार थोड्या वेळा जमल्या, हे कबूल करतो.

आता एक सावधगिरीची गोष्ट. श्रमाची थोरवी सांगताना आपण कोणापुढे बोलतो आहोत, हे विसरून चालत नाही. मुलाला ताट उचलायला लावा, हे सांगणे सोपे आहे. पण याच महाराष्ट्रात बालपण करपून जाईल इतके काम मुलांच्या वाट्याला आल्याचेही आपण पाहिले आहे. चहाच्या टपरीवर, वीटभट्टीवर, यंत्रमागाच्या खडखडाटात. त्या मुलांना श्रमाचे धडे देणे हा क्रूरपणा होईल. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवण्यावर १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीने बंदी आहे. घरच्या उद्योगात मदत करता येते, तीसुद्धा शाळेचा वेळ सोडून आणि धोका नसलेल्या कामात. सहा ते चौदा वयाच्या मुलांना शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने दिला आहे. धर्मही याच बाजूने बोलतो. अल्लाह कोणावर त्याच्या कुवतीबाहेर भार टाकत नाही, असे कुरआनात आहे. आपल्या हाताखालच्या माणसाला झेपणार नाही असे काम देऊ नका, आणि दिलेच तर स्वतः हात लावा, असे प्रेषितांनी सांगितले. हाताखालच्या मोठ्या माणसासाठी जो नियम आहे, तो पोटच्या लेकरासाठी नसेल कसा? बारा वर्षांच्या मुलाला जांभ्याचे दगड झेपत नव्हते, आणि माझा हात वर्तमानपत्रावर होता.

दुसरी सावधगिरी मुलींच्या बाबतीत. आपल्याकडे मुलाला काम नाही आणि मुलीला सुट्टी नाही, असा प्रकार घरोघर दिसतो. धर्माचे नाव त्यालाही दिले जाते. पण प्रेषित घरी असताना काय करत, असे हजरत आयेशा यांना विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले, की ते घरच्यांच्या कामात असत. आपली पादत्राणे ते स्वतः सांधत, कपडे स्वतः शिवत. ज्यांना हे ऐकून वाईट वाटत नाही, त्यांच्या मुलाला आपल्या शर्टाचे तुटलेले बटण लावायला कमीपणा का वाटावा?

आता पुन्हा त्या आईकडे येतो. मी तिला म्हटले, ‘‘हदीस नंतर सांगू. आधी हे सांग, त्याचे वडील तिकडे काय काम करतात, हे त्याला माहीत आहे का?’’

ती गोंधळली. ‘‘कंपनीत आहेत, एवढं माहीत आहे.’’

श्रोतेहो, आमच्या किनारपट्टीवरची ही एक खास अडचण आहे. आमच्या आजोबांच्या पिढीतले पुष्कळ पुरुष मुंबईला जाऊन जहाजांवर खलाशी झाले. १९७० नंतर वाट आखाती देशांकडे वळली. गावात पक्की घरे आली, फरशा आल्या, मुलांच्या हाती मोबाईल आले. त्या पैशाने आम्हाला वर आणले, हे मी कधी नाकारणार नाही. पण शेतकऱ्याचे पोर बापाला घामाघूम झालेला पाहते. सुताराचे पोर रंध्याचा आवाज ऐकत झोपते. आमच्या पोरांना बापाचे पैसे दिसतात, घाम दिसत नाही. बाप दिसतो तो सुट्टीत. इस्त्रीचे कपडे, अत्तराचा वास, बॅगेत चॉकलेटे. पोराला वाटते, तिकडे पैसा मिळतो आणि इकडे तो खर्च होतो. मधले जे आहे, ते समुद्रापलीकडे राहते. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्या, असे प्रेषितांचे प्रसिद्ध वचन आहे. आमच्या घरांत मजुरी पोचते. घाम मात्र तिकडच्या तिकडेच सुकून जातो.

त्याचे वडील वेल्डर होते. दोन महिन्यांच्या रजेवर आले, तेव्हा मी त्यांना बोलावले. म्हटले, ‘‘या वेळी मुलासाठी काही आणले नसले तरी चालेल. त्याला तुमचे काम दाखवा.’’ ते हसले. म्हणाले, ‘‘सर, सुट्टीत तरी ते नको.’’ त्यांचेही खरेच होते. पण चार दिवसांनी त्यांच्या अंगणाचे लोखंडी फाटक उघडताना मोडक्या बिजागरीवरून खाली आले, आणि माझे काम झाले. गावातल्या वर्कशॉपमधून त्यांनी मशीन आणले. मुलाला विचारले, ‘‘मला मदत करशील का?’’ हा प्रश्न मी त्यांना सुचवला होता. इब्राहीम यांच्याकडून उसना घेऊन.

वेल्डिंग बापाने केले, मुलाला लांब उभे केले. पण गंज घासायचा, रेड ऑक्साइड मारायचा आणि वर हिरवा रंग द्यायचा, हे मुलाकडे होते. तीन दिवस काम चालले. दुसऱ्या दिवशी बाप बाह्या दुमडून बसला होता, तेव्हा मुलाला त्याच्या हातांवरचे बारीक डाग दिसले. कोपरापर्यंत. ‘‘हे काय?’’ ‘‘ठिणग्या.’’ ‘‘दुखतात?’’ ‘‘तेव्हा दुखतात.’’ मग बाप सांगत गेला. कुवेतमध्ये जून ते ऑगस्ट भर दुपारी उघड्यावर काम करायला सरकारचीच बंदी असते, एवढे तिथले ऊन. म्हणून अंधारात उठायचे, फजरची नमाज पढायची आणि ऊन चढायच्या आत जमेल तेवढे उरकायचे. दुपारनंतर उरलेले. मुलगा ऐकत होता आणि पॉलिश पेपर घासत होता. बापलेकांचे इतके बोलणे आधी कधी झाले नव्हते, असे ती आई मला म्हणाली.

तो मुलगा एका रात्रीत बदलला, असे मी सांगणार नाही. ताट अजूनही रोज उचलतोच असे नाही. पण झाडांना तो आता पाणी घालतो. फाटकाला ओरखडा पडला की राहिलेल्या डब्यातला रंग काढतो. व्हिडिओ कॉलवर वडिलांना ते दाखवतो. नियमाने केलेले काम थोडे असले तरी अल्लाहला सर्वांत प्रिय, असे प्रेषित म्हणत. मी त्या आईला एवढेच सांगितले, की वाढवायची घाई करू नकोस. एक काम त्याचे स्वतःचे असू दे, रोजचे असू दे, आणि झाले की कोणीतरी ते पाहू दे.

हदीस मी त्याला शेवटी सांगितली. फाटक रंगवून झाल्यावर, हात रॉकेलने पुसताना. हजरत दाऊद यांची. तो म्हणाला, ‘‘म्हणजे ते पण लोखंडाचंच काम करायचे?’’ मी म्हटले, ‘‘हो. तुझ्या अब्बांसारखंच.’’ त्याच्या चेहऱ्यावर जे आले, ते मला माझ्या मुलाच्या चेहऱ्यावर पाहायचे होते. तिथे मी उशीर केला.

गेल्या पावसाळ्यात माझा मुलगा कुटुंबासह गावी आला होता. मी नातवाला विचारले, मला मदत करशील का? आम्ही दोघांनी वाडीत हापूसचे एक कलम लावले. खड्डा मी खणला, माती त्याने लोटली. आळे करताना त्याला सांगितले, की प्रेषित म्हणत, प्रलयाची घडी आली आणि तुमच्या हातात रोप असेल, तर जमत असेल तर ते लावून टाका. नातवाने विचारले, ‘‘मग आंबे कोण खाणार?’’ मी उत्तर शोधत होतो, तेवढ्यात मागून कोणीतरी पाण्याची कळशी आणून ठेवली आणि माती दाबायला खाली बसले.

माझा मुलगा होता.